कर्णनाद आणि कोलाहल : पीडितांसाठी काही व्यवहार्य सूचना

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील वाचकांकडून गणेशोत्सवाच्या मागेपुढे, आणि पुन्हा लग्नसराईत, एकाच विषयाची पृच्छा वारंवार होत असते. कोणाच्या कानांत दिवा मालवताच रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते, कोणाला कुकरच्या शिट्टीने छातीत धडकी भरते, कोणाच्या दारासमोर उत्तररात्रीपर्यंत डॉल्बी वाजत राहते; आणि हे सर्वजण एकच प्रश्न विचारतात की, यावर औषध काय? प्रश्न वरवर एक दिसत असला तरी तक्रारी तीन निरनिराळ्या आहेत, त्यांची दारेही निरनिराळी आहेत, आणि चुकीच्या दारावर वर्षानुवर्षे थापा मारीत राहिल्यामुळेच पुष्कळांचा पैसा, वेळ आणि धीर खर्ची पडतो. म्हणून या लेखात कोणत्या तक्रारीसाठी कोठे जावे, घरच्या घरी काय करावे आणि कायद्याने आपणास काय मागता येते, एवढेच सांगावयाचे योजिले आहे.

आपली तक्रार कोणती, हे प्रथम ठरवा

- कर्णनाद : बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानांत किंवा डोक्यात शिट्टी, किरकिर, घूंघूं अथवा सूंसूं असा आवाज ऐकू येणे. याचे दार कान-नाक-घसा तज्ज्ञाचे आणि श्रवणतज्ज्ञाचे.
- आवाजाची असह्यता : इतरांना काहीच वाटत नाही असा भांड्यांचा खणखणाट, मिक्सर, लहान मुलांचा कलकलाट आपल्याला बोचणे, प्रत्यक्ष दुखणे. येथे औषधापेक्षा कानांना पुन्हा सवय लावण्याचा भाग मोठा.
- ध्वनिप्रदूषण : आवाजच मर्यादेबाहेर असणे, म्हणजे जो निरोगी कानालाही अपाय करील असा. याचे दार पोलीस ठाण्याचे. गोळ्यांनी हा प्रश्न सुटत नाही.

या तिन्ही तक्रारी एकाच इसमाच्या वाट्याला येऊ शकतात. विट्याच्या यंत्रमागावर वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या कामगाराचे ऐकणे हळूहळू कमी होते, त्यामागोमाग नाद येतो, आणि ऐकू कमी येत असूनही मोठा आवाज मात्र एकाएकी असह्य होतो. अशा माणसाने तिन्ही उपाय करावेत, परंतु एकाचा उपाय दुसऱ्यावर लावू नये. नाद ऐकू येतो म्हणून कानांत बोळे घालणारे वाचक पुष्कळ भेटतात. बाहेरचा आवाज बंद झाल्याने त्यांचा आतला नाद अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागतो.

या लक्षणांत विलंब नको

बहुतेक कर्णनाद धोक्याचा नसतो. तथापि पुढीलपैकी काही आढळल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला घेत न बसता तज्ज्ञाकडे जावे :

- एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी कमी झाले असल्यास त्याच दिवशी. यावर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग जितका लवकर तितका अधिक, आणि दोन आठवडे उलटल्यावर तो फार कमी. ‘मळ साचला असेल, तेल घालून पाहू’ म्हणून गमावलेला आठवडा पुढे भरून निघत नाही.
- नाद सतत एकाच कानात असल्यास, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असल्यास.
- सोबत भोवळ येणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, कानातून पू किंवा रक्त येणे, अथवा डोक्यास मार लागलेला असणे.
- क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने, अथवा कर्करोगासाठी सिस्प्लॅटिन चालू असताना नाद सुरू होणे. औषध आपल्या मर्जीने बंद करू नये. देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.
- नादामुळे जीव नकोसा होणे. यात लाज बाळगण्याजोगे काहीही नाही. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो रात्रंदिवस चालू असतो.

कोठे जावे, काय विचारावे

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि कराडात कृष्णा रुग्णालय असताना या तक्रारीसाठी पुण्या-मुंबईची धावपळ करण्याचे सहसा कारण पडत नाही. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, त्यांत सांधेदुखीसाठी किंवा डोकेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही लिहाव्यात, कारण ॲस्पिरिनसारखी साधी गोळीसुद्धा मोठ्या मात्रेत नाद निर्माण करते.

तज्ज्ञ प्रथम कानात दिवा धरून पडदा पाहतील. कित्येकदा कडक झालेला मळ काढताच नाद थांबतो आणि प्रकरण तेथेच मिटते. न थांबल्यास ऑडिओमेट्री, म्हणजे निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकवून श्रवण मोजण्याची चाचणी, अवश्य करून घ्यावी. माझ्या मते या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच, कारण कर्णनादाच्या मागे बहुधा श्रवणाची घट दडलेली असते आणि ती रुग्णाला स्वतःला जाणवलेलीच असते असे नाही. आलेखाची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. मग विचारावे : माझे ऐकणे कोणत्या स्वरांवर किती कमी झाले आहे? श्रवणयंत्राने उपयोग होईल काय, आणि विकत घेण्यापूर्वी ते काही दिवस वापरून पाहता येईल काय? माझ्या औषधांपैकी कोणते बदलणे शक्य आहे? चाचणी पुन्हा केव्हा करावी?

श्रवण कमी असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो. माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागते, आणि बाहेरचे लहानसहान आवाज कानांत पोहोचू लागल्याने आतला नाद मागे सरतो. मात्र आलेखावाचून, बाजारात मिळणारे केवळ आवाज वाढविणारे यंत्र घेऊ नये. उत्पन्न मर्यादित असल्यास केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयातच करावी.

गोळ्या, तेल आणि जाहिराती

कर्णनाद नाहीसा करील असे सिद्ध झालेले औषध आज उपलब्ध नाही. जिंको, मेलाटोनिन आणि जस्त यांच्या गोळ्या या तक्रारीसाठी सुचवू नयेत, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्येच आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले आहे. तेव्हा शंभर टक्के गुण येईल अशी हमी देणाऱ्या जाहिरातीला, ती कोणत्याही उपचारपद्धतीची असो, आपण दूर ठेवावे.

लसूण घालून कढविलेले तेल कानात सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामागील आजीच्या मायेबद्दल शंका नाही. पण पडद्याला छिद्र असेल तर ते तेल मध्यकर्णात उतरते, आणि तेथला पू मग महिनोन्‌महिने हटत नाही. कापसाची काडी, केसांची पिन आणि रस्त्यावर कान साफ करणारे यांचाही मोह टाळावा. चहा सोडलाच पाहिजे असे नाही. मिठावरील निर्बंध भोवळीच्या एका विशिष्ट विकारात सांगितले जातात, सरसकट सर्वांना नाहीत.

आणखी एका वाक्याबद्दल येथे लिहिणे अवश्य आहे. ‘याला काही उपाय नाही, सवय करून घ्या,’ असे ऐकून दवाखान्यातून बाहेर पडलेले रुग्ण अगणित आहेत. सवय होते हे खरे. किंबहुना बहुतेकांना काही महिन्यांत होते. परंतु ती कशी करून घ्यावी हे सांगितल्यावाचून उच्चारलेले ते वाक्य म्हणजे रुग्णाला हाकलून लावणेच होय, आणि ते ऐकून कोणी निराश होऊन परतला असेल तर त्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास संकोच करू नये.

नाद आणि निद्रा

सवय लागण्याची रीत अशी. मेंदू पूर्ण निःशब्दतेत ध्वनीचा शोध घेऊ लागतो आणि आतला नाद त्याला मोठा भासतो. म्हणून रात्री खोलीत एखादा मंद, एकसारखा, अर्थहीन आवाज राहू द्यावा. त्याची पातळी नादापेक्षा किंचित कमी असावी. नाद संपूर्ण झाकून टाकला तर तो ऐकूनही दुर्लक्षिण्याचा अभ्यास मेंदूला घडत नाही. छताचा पंखा पुष्कळांना पुरतो. पाटण-महाबळेश्वरकडच्या घरांत पावसाळ्यात पत्र्यावरची संततधार हेच काम आपोआप करते, आणि थंडीत तेथील रात्री निःस्तब्ध झाल्या की तक्रार वाढते, तिचे कारणही हेच.

ज्या जिल्ह्यात मिरजेसारखे तंतुवाद्यांचे गाव आहे, ज्याच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील वाचकांना परदेशी यंत्र विकत घेण्याची गरज नाही. तानपुऱ्याचा अखंड झंकार मोबाइलवर विनामूल्य मिळतो. त्याच्यात शब्द नाहीत, तालाचे धक्के नाहीत, आणि मन ज्याच्यामागे धावेल अशी चालही नाही. आपल्याला सुखावणाऱ्या पट्टीत तो लावावा, फोन उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, आणि कानात इअरफोन घालून झोपू नये.

नाद ऐकू आला की ‘आता झोप येणार नाही’ हा विचार पाठोपाठ येतो, आणि पुष्कळदा नादापेक्षा त्या विचारानेच रात्र जाते. हा दुवा तोडण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ ज्या पद्धतीने विचार व वर्तन बदलावयास शिकवितात, तिने कर्णनादाचा त्रास कमी होतो याला भक्कम आधार आहे. तिकडे पाठविले म्हणजे ‘डोक्याचा दोष’ ठरविला असे समजून कोणी रुष्ट होऊ नये.

आवाज सहन होत नसेल तर

या तक्रारीत दिवसभर बोळे घालून वावरणे हा सर्वांत मोठा खोडा आहे. अंधाऱ्या खोलीत फार वेळ बसलेल्या माणसाचे साध्या उन्हानेही डोळे दिपावेत, तसे आवाजापासून सतत लपविलेले कान अधिकाधिक हळवे होत जातात. त्याऐवजी कोणते आवाज किती त्रास देतात याची यादी करून, त्यांतील सौम्य आवाजापासून रोज काही मिनिटे, आणि आठवड्यागणिक थोडी वाढ करीत, कानांना सराव द्यावा. श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे करणे उत्तम.

घरातल्यांना आपली अडचण स्पष्ट सांगावी. रागावून सांगू नये आणि लपवूही नये. ‘वहिनी, मिक्सर लावण्याआधी मला एक हाक मारा,’ एवढ्या विनंतीनेही पुष्कळ फरक पडतो, कारण अपेक्षित आवाज अनपेक्षिताइतका बोचत नाही. मिक्सरखाली जाड घडी घालावी, भांडी कपड्यावर निथळत ठेवावीत. एस. टी.त मागच्या बाकांवर खिडक्यांचा खडखडाट फार, म्हणून मधली जागा धरावी. एखादे मूल शाळेची घंटा होताच कान झाकून घेत असेल तर त्याला भित्रे म्हणू नये. गुरुजींना किंवा बाईंना भेटून घंटेपासून दूरची जागा मागावी आणि मुलाचे श्रवण तपासून घ्यावे.

वरात, यात्रा आणि मिरवणूक

येथे मात्र बोळे अवश्य वापरावेत; आदल्या भागातील निषेध या प्रसंगांना लागू नाही. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कान सुमारे ८ तास सोसू शकतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, आणि १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे. डॉल्बीच्या भिंतीपुढे ही मुदत किती उरते याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. ५ मीटरवरून ४० मीटरवर गेलात तर १८. अरुंद पेठेत दुतर्फा भिंतींवरून आवाज परततो, तेथे हा लाभ मिळत नाही. म्हणून तासगावचा रथ किंवा मिरजेची दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी विसर्जन मिरवणूक पाहावयाची असल्यास चौकातील मोकळी जागा निवडावी, बोळात उभे राहू नये. मंगल कार्यालयात अक्षता पडेपर्यंत मागच्या दाराजवळ बसण्याने कोणाचा मान कमी होत नाही.

औषधांच्या दुकानात इअरप्लग या नावाने मिळणारे फोमचे बोळे बहुतेकजण चुकीचे घालतात. स्वच्छ हातांनी बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, म्हणजे कानाची वाट सरळ होते. बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवावा. नीट बसला असेल तर आपलाच आवाज आपल्याला घुमल्यासारखा ऐकू येतो. नुसता कापूस कोंबल्याने संरक्षण जवळजवळ मिळत नाही.

माग आणि कारखाना

विट्याचे माग, कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहती, गळीत हंगामातील साखर कारखाने येथे काम करणाऱ्यांसाठी संरक्षण ही रोजची गोष्ट आहे. आपल्याकडील नियमांत ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा चालत आली आहे, पण कानांची हानी ८५ पासूनच संभवते. कानांचे संरक्षक साधन आणि नियतकालिक श्रवणचाचणी मालकाकडे लेखी मागावी. गोंगाटाने आलेले बहिरेपण हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग असून त्याची नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी जुने श्रवणालेख आणि नोकरीचे कागद जपून ठेवावेत.

कायदा कोठवर साथ देतो

२०१४ साली साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी डॉल्बीच्या दणदणाटात भिंत कोसळून माणसे दगावली आणि डॉल्बीविरुद्धच्या लोकमताला धार आली. नियम त्याहूनही जुने आहेत. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांतील उपयोगाचा भाग असा :

- निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.
- ध्वनिक्षेपकास लेखी परवाना हवा. रात्री १० नंतर उघड्यावर तो लावण्यास मनाई. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्री १२ पर्यंत वाढविता येते. त्या तारखा कोणत्या, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. त्या दिवशीही डेसिबलची मर्यादा उठत नाही.
- निवासी भागात रात्री हॉर्न, आवाजी फटाके आणि बांधकामाची यंत्रे यांना मनाई.

तक्रारीची रीत पुढीलप्रमाणे. तारीख, वेळ, ठिकाण आणि मंडळाचे, कार्यालयाचे नाव किंवा वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा. टेप लावून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरलाही हे लागू आहे. आवाज चालू असतानाच ११२ वर दूरध्वनी करावा. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन शिक्क्यासह पोच घ्यावी आणि एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे रुजू करावी. कारखाना किंवा जनित्राचा आवाज असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये सातारा आणि सांगली या दोन्ही ठिकाणी आहेत. परवाना खरोखरच दिला होता काय, हे १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारता येते, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मोबाइलवरील मापन स्वतःच्या माहितीपुरतेच समजावे. मध्यरात्री एकट्याने मंडपात जाऊन हुज्जत घालू नये. चार घरांनी मिळून सह्या केलेला अर्ज अधिक परिणामकारक ठरतो.

शेजारधर्म बिघडेल या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निकालात, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी असे बजावले आहे. आपले नाव उघड करू नये, असे ११२ वर स्पष्ट सांगावे.

केवळ कर्णनादासाठी दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. दोन्ही कानांची श्रवणघट ६० डेसिबल किंवा अधिक असेल तर २०१६ च्या कायद्यान्वये जिल्हा रुग्णालयाकडे अर्ज करता येतो.

शेवटी मंडळांच्या कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ दोन दिवस आधी गल्लीतील घरोघरी कळवा, म्हणजे आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला हलविण्याची तजवीज करता येईल. आणि वर्गणीतून पहिली खरेदी फोमच्या बोळ्यांची करा, कारण तासन्‌तास ध्वनिक्षेपकांना खेटून चालणारी मुले आणि ताशा वाजविणारे हात आपल्याच घरचे असतात, आणि सर्वांत आधी अपाय होतो तो त्यांच्याच कानांना.